तहातल्या मेंढ्या

गौतमचंद शेठ गुरुवारी दुपारी बदनापूरला आले, काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसले आणि चहा यायच्या आतच मुद्द्यावर आले. सहा कॉम्प्युटरांच्या त्या कॅफेतून आता दोन पगार निघत नव्हते. एक जण राहील, एक जाईल. कोण, ते दोघांनी आपसात ठरवावं. शनिवारी संध्याकाळी ते परत येतील. तोवर ठरलं नसेल तर ते स्वतः नाव सांगतील.

"पण मला सांगायला लावू नका," शेठ म्हणाले. "मी बोललो की बाजार बोलतो."

बाजार काय बोलेल हे तिघांनाही माहीत होतं. काउंटरवरच्या दोघांपैकी पुखराज हा शेठचा सख्खा पुतण्या. आठ महिन्यांपूर्वी काकांनीच त्याला इथे आणून बसवलं होतं. दुसरा मच्छिंद्र, भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. कॅफे उघडला त्या दिवसापासून तो होता. केबल त्यानेच ओढल्या होत्या, सहाही मशिनी त्यानेच जोडल्या होत्या. गावी त्याच्या मोठ्या भावाची, बद्रीनाथची, शेती होती आणि तिथे त्याला कुणी नको म्हणत नव्हतं. "वावरात माणूस लागतोच, ये कवाबी," असं बद्रीनाथ प्रत्येक फोनवर सांगायचा. पण मागच्या दिवाळीत पाहुण्यांसमोर त्याने धाकट्या भावाची ओळख "हा आमचा मशिनी पुसणारा" अशी करून दिली होती, आणि बद्रीनाथच्या हाताखाली राबण्यापेक्षा मशिनी पुसलेल्या बऱ्या हे मच्छिंद्रने त्याच दिवशी ठरवलं होतं. काउंटर गेलं तर धावड्याशिवाय जायला दुसरी जागा नव्हती.

शेठची गाडी वळली तसा मच्छिंद्र पुखराजकडे न बघता म्हणाला, "शनिवारची वाट बघून राह्यला असशील."

"कामून बघू? दोन दिवस हायेत."

"काका नाव घेतील ना तुझं. मंग बस आरामात. लोक म्हणतील, कडेवर बसून आला आन कडेवरच बसला."

पुखराज बावीस वर्षांचा होता. जन्म बदनापूरचाच; घरी मारवाडी बोलायचा, बाहेर गावची मराठी. राग आला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि ते मच्छिंद्रला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"मंग तूच सांग ना कसं ठरवायचं," पुखराज म्हणाला. "चिठ्ठ्या टाकू?"

"चिठ्ठी नशीब असतं. राज्य खेळू. हरंल तो जाईल."

'राज्य' हे त्या खेळाचं कॅफेतलं नाव. मूळ नाव परदेशी होतं आणि ते कुणी वापरत नसे. पडद्यावर दोन खेळाडूंना एकेक छोटी वस्ती मिळते. मधोमध चावडी, तिच्याभोवती चार गडी, चार मेंढ्या, थोडी बोरीची झुडपं आणि मागे जंगल. गडी लाकूड तोडतात, दगड फोडतात, अन्न आणतात. त्या मालातून आणखी गडी, घरं, वावरं, छावण्या आणि शेवटी शिपाई उभे करायचे आणि समोरच्याची चावडी पाडायची. खेळाला थांबा नसतो. आपण विचार करत बसलो तरी समोरचा बांधतच असतो.

दोघांनी आतापर्यंत तो बऱ्याच वेळा खेळला होता आणि दहातल्या सात खेपा मच्छिंद्र जिंकला होता. तरीही पुखराजने नाही म्हटलं नाही. काकांच्या तोंडून आलेलं काउंटर त्याला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

"बेबीताई पंच," एवढंच तो म्हणाला.

बेबीनंदा सकाळी दोन तास कॅफेतल्या मशिनींवर कॉम्प्युटरचा कोर्स शिकवायची. तीर्थपुरीची, तिशीतली, तिथल्या पोलीस पाटलाची मुलगी. कॅफेत कुणाचा पगार राहतो याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, आणि म्हणूनच दोघांना ती चालत होती.

"तुमच्या भांडणात मला कामून ओढता?" ती म्हणाली. "अन मी सांगितलेलं ऐकणार हायेत का?"

"बिलकुल," पुखराज म्हणाला.

"तू?"

"ऐकीन," मच्छिंद्र म्हणाला. "जिंकणारच हाय मंग ऐकायला काय जातं?"

वेळ शनिवारी दुपारी तीनची ठरली. २००४ सालच्या त्या उन्हाळ्यात बदनापूरला दुपारभर वीज नसायची. इन्व्हर्टरवर दोनच मशिनी चालत, म्हणजे खेळायला बरोबर दोघं आणि बघायला बाकी सगळे.

वाद झाला तो तहावरून. कॅफेत एक शिरस्ता होता. सुरुवातीची पंधरा मिनिटं तह. तेवढ्या वेळात नदी ओलांडून कुणी कुणावर जायचं नाही. नवखी पोरं पाच मिनिटांत मारली जात, रडत आणि परत येत नसत, म्हणून मच्छिंद्रनेच तो नियम काढला होता. आता त्याला तह दहा मिनिटांचा हवा होता.

"दहा कामून?" पुखराज म्हणाला. "तुला घाई हाय म्हणून?"

"तू पंधरा मिनिटं दुकान मांडत बसतो. मला लढायचं हाय, दुकान न्हाई बघायचं."

"शिरस्ता पंधराचा हाय ना? मंग पंधरा," बेबीनंदा म्हणाली. "उद्या तुम्ही भिडाल तवा मला नवा नियम आठवत बसायचा न्हाई."

मच्छिंद्रने मान डोलावली. पंधरा मिनिटांतही आपलंच चालणार हे त्याने हिशेब करून बघितलं होतं.

हा हिशेब त्याच्याइतका कॅफेत कुणाला येत नव्हता. एक गडी काढायला पन्नास अन्न लागतं. एका मेंढीतून शंभर अन्न निघतं. म्हणजे मेंढी मारली की दोन गडी आणि चार मेंढ्यांचे आठ. ते आठ गडी खेळाच्या सुरुवातीलाच मिळतात आणि शेवटपर्यंत राबतात. मग सुधारणा. कुऱ्हाडीला धार लावून घेतली की प्रत्येक लाकूडतोड्या एकपंचमांश लाकूड जास्त आणतो, पण धारेला तीन गड्यांइतका खर्च येतो. लाकडावर पाच जण असतील तर धार लावून एका गड्याचं काम वाढतं. त्याच खर्चात तीन गडी आले असते. पंधरा असतील तर बरोबरी होते. "पंधराच्या आत कुऱ्हाड घेतो तो गाढव," असं तो नव्या पोरांना सांगायचा. नांगर घेतला तर वावर जास्त दिवस पिकतं, पण त्याचा फायदा खेळ लांबला तरच. हातगाडा घेतला तर गडी एका खेपेत जास्त माल आणतात, पण हातगाडा तयार होईपर्यंत चावडीतून नवा गडी निघत नाही, म्हणून त्याची किंमत दिसते त्याच्या दुप्पट धरायची. प्रत्येक गोष्टीला तो एकच प्रश्न विचारायचा. लढाई सुरू व्हायच्या आधी ही आपला खर्चा काढते का? नसेल काढत तर नको.

पुखराजचा हिशेब पहिल्या पायरीलाच लंगडा होता. तो मेंढ्या मारत नसे.

पहिल्या आठवड्यात त्याने एकदा गड्याला मेंढीवर पाठवलं होतं. गड्याने सुरी काढली, मेंढी आडवी झाली, शेजारी लाल डाग पडला. पुखराजने माउस सोडला आणि तो डाव तसाच टाकून दिला. त्यानंतर त्याच्या चारही मेंढ्या डावभर चावडीपुढे उभ्या असत. व्रत म्हणावं तर त्याने कुणाला शब्द दिला नव्हता. त्याची आई प्रेमबाई हिला तर कॉम्प्युटरमध्ये मेंढ्या असतात हेही माहीत नव्हतं. तो मारत नव्हता इतकंच. त्यामुळे त्याला अन्नासाठी सुरुवातीपासून वावरं लावावी लागत, वावरांना लाकूड लागे, म्हणून तो गाढवासारखी कुऱ्हाड आधी घेई, आणि पाचव्या मिनिटाला मच्छिंद्रपेक्षा सहा गडी मागे असे. त्याच्या चावडीला पोरं 'पांजरपोळ' म्हणत. हे नाव मच्छिंद्रने दिलं होतं.

"शिपाई शेकड्यानं मारतो," मच्छिंद्र म्हणायचा, "आन मेंढीला हात कापतो ह्याचा."

"शिपाई मला मारायला येतो," पुखराज म्हणायचा. "मेंढी येते का?"

शनिवारी तीनला कॅफेत पंधरावीस जण होते. पंखे बंद, शटर अर्धं खाली. औरंगाबादहून पॅसेंजरने उतरलेले दोन कॉलेजचे मुलगे स्टेशनवरून थेट इथे आले होते. मच्छिंद्र काउंटरच्या मशिनीवर बसला, पुखराज तीन नंबरवर, समोरासमोर, एकमेकांचा पडदा दिसणार नाही असे. बेबीनंदा मध्ये स्टुलावर बसली. तिथून तिला दोन्ही पडदे दिसत होते.

"बघणाऱ्यांनी तोंड उघडायचं न्हाई," ती म्हणाली. "इकडचं तिकडं ज्यानं सांगितलं त्याला बाहेर काढीन. करा सुरू."

मच्छिंद्रने पहिली मेंढी सुरू होताच मारली.

त्याचा बेत सरळ होता. मेंढ्यांवर आठ गडी काढायचे, बोरं संपवायची, पंचवीस गडी झाले की गडी काढणं बंद. त्यानंतर येणारा सगळा माल दोन छावण्यांत आणि भालेवाल्यांत. कुऱ्हाड नाही, नांगर नाही, हातगाडा नाही. पंधरावं मिनिट संपताना नदीच्या वरच्या उतारावर तीस भालेवाले उभे. पुखराज त्या वेळी काय करत असेल हेही त्याने धरलं होतं. कुऱ्हाड, नांगर, हातगाडा, सगळं घेऊन वावरं मोजत बसला असेल. नदी पायी ओलांडता येईल असे दोनच उतार होते, वरचा आणि खालचा. कुठून येतील ते कळत नाही म्हणून पुखराज आपलं बळ दोन्हीकडे अर्धं अर्धं ठेवायचा आणि म्हणूनच हरायचा. तीस भाले पांजरपोळात शिरले की पाच मिनिटांचं काम. इतक्या छोट्या लढाईसाठी नांगर घ्यायला मच्छिंद्र खुळा नव्हता.

"झाली का वावरं नांगरून, शेठ?" त्याने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"तू तुझं बघ."

"बघूनच राह्यलो. पांजरपोळ कसं हाय? वैरण पुरती का?"

पोरं हसली. पुखराजचे कान लाल झाले. पण त्याचे हात थांबले नाहीत.

सातव्या मिनिटाला मच्छिंद्रच्या दगडाच्या खाणीशेजारी एक निळी मेंढी दिसली. निळा रंग पुखराजचा. मेंढी उगीच उभी होती, मान खाली घालून.

मच्छिंद्र मोठ्याने हसला. "अरे बघा रे, पांजरपोळातलं जनावर माझ्या रानात चरायला आलं! मालकाचं ध्यान कुठं हाय?"

त्या खेळात मेंढीच्या अगदी अंगाशी ज्याचा माणूस पोचेल त्याची ती होते. मच्छिंद्रने खाणीतला एक गडी तिच्याकडे पाठवला. मेंढीचा रंग निळ्याचा लाल झाला.

"ती त्याची व्हती ना?" बेबीनंदा म्हणाली.

"व्हती. आता माझी."

गड्याने सुरी काढली. शंभर अन्न. मच्छिंद्रने त्यात दोन भालेवाले काढले आणि पुन्हा छावणीकडे वळला. कॉलेजच्या मुलांपैकी एकाने तोंडावर हात ठेवला. तो पुखराजच्या मागे उभा होता आणि त्याला दुसरा पडदा दिसत होता.

पुखराजच्या चावडीपुढे त्या दिवशी एकही मेंढी नव्हती. दोन त्याने खालच्या उताराच्या आपल्याच बाजूला ठेवल्या होत्या. तिसरी खाणीपाशी मारली गेली. चौथी नदी ओलांडून वरच्या उताराजवळच्या, मच्छिंद्रची वस्ती दिसेल अशा झाडीत शिरली होती आणि तिथे कुणाच्या नजरेला पडत नव्हती. त्या खेळात आपला जीव जिथे उभा असेल तिथलं आपल्याला दिसतं. मग तो घोडेस्वार असो की मेंढी.

आठ महिन्यांत पहिल्यांदा पुखराजला पलीकडचं दिसत होतं. एक छावणी, मग दुसरी. वावरं सहाच, वाढत नाहीत. कुऱ्हाडी बिनधारेच्या. भालेवाले एकेक करून वरच्या उतारावर येऊन थांबत होते आणि खालच्या उताराकडे एकही जात नव्हता.

ते बघून त्याने दोन गोष्टी केल्या. शिपायांवरचा खर्च थांबवला. मग चावडीतून गडी काढणं थांबवून हातगाडा घेतला. बघणाऱ्यांपैकी ज्यांना खेळ कळत होता ते एकमेकांकडे बघू लागले. नदीवर भाले जमत असताना हातगाडा घेणं म्हणजे घराला आग लागली असताना विहीर खणणं. पण हातगाड्याने वाढलेला सगळा दगड पुखराजने वरच्या उताराच्या आपल्या बाजूला, पलीकडून दिसणार नाही इतक्या आत नेला आणि चौदाव्या मिनिटाला तिथे दुहेरी भिंत उभी होती, मागे एक बुरूज. खालच्या उतारावर फक्त लाकडी कुंपण.

"तह संपला," बेबीनंदा म्हणाली.

तीस भालेवाले उतारात शिरले आणि भिंतीपाशी थांबले.

मच्छिंद्रने पडदा भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून बघितला. भिंत असेल असं त्याने धरलंच नव्हतं. भाले दगडावर चालत नाहीत. भिंत पाडायला लाकडी ओंडका लागतो, ओंडक्याला कारखाना लागतो, आणि कारखान्याला जेवढं लाकूड लागतं तेवढं त्याच्याकडे नव्हतं. कुऱ्हाडीला धार नव्हती. बुरुजावरून बाण येत होते. त्याने भालेवाले माघारी घेतले आणि खालच्या उताराकडे वळवले. वाट लांबची होती. तिथल्या दोन मेंढ्यांना ते येताना दिसले आणि कुंपणाच्या जागी दगड येऊ लागला. भालेवाले पोचले तेव्हा तिथेही भिंत होती. मेंढ्या आत होत्या.

"भिंतीआड बसून राह्यला," मच्छिंद्र ओरडला. "भायेर ये ना! मर्द हाय का कोण?"

"घाई तुला हाय," पुखराज म्हणाला. "मला न्हाई."

मच्छिंद्रचा हिशेब चुकला नव्हता. तो पाच मिनिटांच्या लढाईसाठी होता आणि लढाई आता अर्ध्या तासाची झाली होती. जे त्याने 'खर्चा काढत नाही' म्हणून सोडलं होतं ते सगळं आता खर्चा काढणार होतं, पण समोरच्यासाठी. त्याची सहा वावरं एकाच वेळी लावलेली म्हणून एकाच वेळी संपली. पुन्हा पेरायला लाकूड हवं होतं आणि लाकूड कारखान्याला हवं होतं. नवे गडी काढायला घरं हवी होती, कारण घरांत मावतील तेवढीच माणसं काढता येतात आणि असलेली घरं भालेवाल्यांनी भरली होती. त्याने नांगर घेतला, त्याचं फळ दिसायच्या आत कुऱ्हाड घेतली, मग दोन्हीच्या मध्ये घरं बांधायला काढली आणि एकही वेळेत झालं नाही. तीस भालेवाले नदीकाठी उभे होते. त्यांना काम नव्हतं आणि त्यांना मोडीत काढता येत नव्हतं.

"काय झालं?" पुखराज पहिल्यांदाच आपणहून बोलला. "भाव उतरला का भाल्यांचा?"

कुणी हसलं नाही. मच्छिंद्रच्या मागे उभे असलेले आता हळूहळू तीन नंबरकडे सरकले होते.

पुखराजचे घोडेस्वार खालच्या भिंतीतल्या दारातून बाहेर पडले तेव्हा पाठोपाठ येतच राहिले. भालेवाल्यांपुढे घोडा टिकत नाही हे त्या खेळातलं साधं गणित आहे, पण एक मेला की त्याच्या जागी दोन येत होते. चावडी पडायला फार वेळ लागला नाही. इन्व्हर्टर तोवर एकदाही शिटी मारून थांबला नव्हता.

डाव संपला की तो खेळ दोघांना सगळा नकाशा उघडून दाखवतो. मच्छिंद्रने दोन्ही भिंती, बुरूज, नदीकाठ असं एकेक बघितलं. मग त्याने वरच्या उताराजवळच्या झाडीवर बोट ठेवलं. तिथे एक निळी मेंढी उभी होती.

"ही कवापासून हाय इथं?"

पुखराजने माउस बाजूला सारला.

"मी काय विचारलं? तहात हाय ना? सातव्या-आठव्या मिनिटापासून माझ्या बाजूला उभी हाय ना?" तो उठला. खुर्ची मागे गेली आणि भिंतीवर आपटली. "बेबीताई, ह्यानं तह मोडला. डाव रद्द."

"मी कुणाला मारलं का तहात?" पुखराजही उठला. "शिपाई नेला? गडी नेला? मेंढी नेली. मेंढीनं तुझा कोण मारला?"

"मारायचं काय काम? डोळा ठेवला ना! तुला वरचा उतार कसा कळला? सपनात आला का?"

"खोटं खेळला न्हाई मी."

"चोर हायेस चोर! काका चोर, पुतण्या चोर."

"काकाचं नाव घेऊ नको," पुखराज म्हणाला आणि काउंटरच्या फळीला वळसा घालून पुढे आला. कॉलेजच्या मुलांनी त्याला दंडाला धरलं. मच्छिंद्रला कुणी धरलं नाही. तो आपणच थांबला आणि बेबीनंदाकडे बघू लागला. आता सगळं तिच्यावर होतं. ती 'रद्द' म्हणाली असती तर पुन्हा डाव झाला असता आणि दुसऱ्या डावात मेंढ्या त्याने शोधून शोधून मारल्या असत्या.

"बसा दोघंबी," बेबीनंदा म्हणाली. कुणीच बसलं नाही. "पुखराज, तू चुकला. मेंढी शिपाई न्हाई का गडी न्हाई, असल्या वकिलीवर मी जाणार न्हाई. तहात पलीकडं जायचं न्हाई म्हंजे न्हाई, हे तुलाबी कळतंय. मच्छिंद्रचं म्हणणं बराबर हाय."

मच्छिंद्रने शर्टाच्या बाहीने घाम पुसला.

"पण मच्छिंद्र, तू शेतकऱ्याच्या घरचा. मला सांग, तुमच्या धावड्याला कुणाचं जनावर कुणाच्या वावरात शिरलं तर काय करतेत?"

"कोंडवाड्यात घालतेत."

"मंग?"

"मंग मालक दंड भरतो अन सोडवून नेतो. नुकसान भरून देतो."

"आन कोंडवाड्यात नसंल घालायचं तर?"

"हाकलून देतेत."

"आमचे वडील तीर्थपुरीला पोलीस पाटील व्हते. एकदा एक जण आला तक्रार घेऊन. म्हणे शेजाऱ्याची म्हैस माझी ज्वारी खाऊन गेली. वडिलांनी विचारलं, म्हैस कुठं हाय? म्हणे माझ्या दावणीला. कवापासून? म्हणे चार दिवस झाले. दूध कुणी काढलं? मी काढलं. वडिलांनी त्याला ओसरीवरून खाली उतरवलं. म्हणले, दूध काढलं त्या दिवशी तुझी ज्वारी फिटली. जनावर आलं तवा एक तर बोंब मारायची न्हाईतर फायदा घ्यायचा. दोन्ही न्हाई जमायचं."

"एकच खाल्ली मी," मच्छिंद्र म्हणाला. "दुसरीचं काय? दुसरी मला दिसलीबी न्हाई."

"पहिली दिसली तवा कळलं ना मेंढ्या येऊन राह्यल्या? मी विचारलं तुला, त्याची व्हती ना? तवाच म्हणायचं, तह मोडला, डाव थांबवा. मी थांबवला असता. तू हसला. सुरी काढली, शंभर अन्न घेतलं, दोन भाले काढले. कामून? फायदा व्हता म्हणून. तोटा झाला तवा तुला तह आठवला."

बेबीनंदाने सांगितलेला न्याय मच्छिंद्रला परका नव्हता. धावड्यात तो त्याने लहानपणापासून बघितला होता, आणि तिच्या जागी बद्रीनाथ असता तरी त्याने हेच सांगितलं असतं, वर चार शब्द जास्त घालून. आजवर पुखराजने सोडलेल्या मेंढ्या त्याने फक्त तोटा म्हणून मोजल्या होत्या. जिवंत राहिलेली मेंढी चालते, उभी राहते, बघते, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"डाव पुखराजचा," बेबीनंदा म्हणाली. "आन पुखराज, पुन्हा असली मेंढी नेलीस तर मी स्वतः मशीन बंद करीन."

मच्छिंद्रने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. पुखराजने हात पुढे केला. मच्छिंद्रने त्या हाताकडे बघितलं आणि जुडगा बेबीनंदाच्या समोर ठेवला.

"चार नंबरच्या मशिनीला पाठीमागं हात लावू नका," तो तिला म्हणाला. "करंट मारतंय. सकाळी पोरं असतेत तुमची. पंखा सुरू करताना आधी पाच नंबर बंद करायचा, न्हाईतर फ्यूज जातो. स्टेबिलायझर माझा हाय, तो मी नेणार."

"हे मला सांग ना," पुखराज म्हणाला. "दुकान मी चालवणार हाय."

"चालव."

पाचच्या सुमारास गौतमचंद शेठ आले. मच्छिंद्र आपला स्टेबिलायझर गोणपाटात बांधत होता. शेठनी ते बघितलं आणि काही विचारायच्या आधी खुर्ची ओढली.

"ठरलं?"

"ठरलं," मच्छिंद्र म्हणाला. "पुखराज ऱ्हाईल."

"राजीखुशीनं ना? मला मागून बोलणं नको."

"ठरलं म्हणलो ना शेठ. राजीखुशी कुठं असती त्याच्यात?"

शेठनी पुतण्याकडे बघितलं. पुखराज शटरची साखळी हातात घेऊन उभा होता. चहा मागवायला शेठनी माणूस पाठवला, पण तीन कप येऊन निवले तेव्हा मच्छिंद्र बाहेर पडला होता.

पुखराज त्याच्या मागे पायरीपर्यंत आला.

"भोकरदनची गाडी सहाला हाय," तो म्हणाला.

"मला माहीत हाय. मी तुझ्या आधीपासून इथं हाय."

"मी कुठं म्हणलं तू नव्हता?"

"तुझं म्हणणं मला लागत न्हाई. तू जिंकला न्हाईस. ती मेंढी जिंकली."

"मंग तिच्याशी हरला तू," पुखराज म्हणाला. "घरी सांगशील तसं?"

मच्छिंद्रने गोणपाट खांद्यावर घेतलं. तो काही बोलणार इतक्यात वीज आली. आत पंखे घरघरले, मशिनी एकामागून एक सुरू होऊ लागल्या आणि जागेसाठी ढकलाढकल सुरू झाली. आतून कुणीतरी सवयीने ओरडलं:

"मच्छिंद्रभाऊ, दोन नंबरचा माउस चालंना!"

मच्छिंद्र वळला. पायरीवर पुखराज आडवा उभा होता.

"कोणता माउस रे?" पुखराजने आतल्या बाजूला मान करून विचारलं. "थांब, मी बघतो."

तो आत गेला. मच्छिंद्र रस्ता ओलांडून जालना-औरंगाबाद रोडच्या कडेला, गाड्या थांबतात तिथे, गोणपाट पायाशी ठेवून उभा राहिला.